पहिल्या जागेवरचा नंबर

मंगळवारी सकाळी मी शेण काढले, म्हशीची धार काढली, दूध शेजारी पोचते केले. उकडलेली हळद अंगणात वाळत होती, ती हलवून पालथी केली. चूल पेटवून दोन भाकरी केल्या. इथे साहेबांनी मला थांबवले व म्हणाले, “बाई, आधी नाव-गाव येऊ द्या, भाकरीचं मागून पाहू.” म्हणून आधी ते सांगते.

माझे नाव जनकाबाई नरसिंग खिल्लारे, वय अठ्ठेचाळीस वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे बोरखडी, सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. शिक्षण विचारले. शाळेत गेले नाही, पण वाचता येते. सतराव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा धाकटे दीर भीमराज तिसरीत होते. ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे, मी भाकरी करता करता ऐकायची आणि ते झोपल्यावर तेच पान काढून पाहायची. तसे वाचायला शिकले. लिहिणे सावकाश होते, म्हणून जबाब साहेब लिहून घेत आहेत.

आज शनिवार, १४ मार्च रोजी बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. समक्ष सांगते ते असे.

माझे पती नरसिंग हे मागच्या वर्षी १९ जानेवारीला नांदेड येथे दवाखान्यात वारले. मूत्रपिंडाचा आजार होता. मुलगी ऐश्वर्या वाशीमला सासरी आहे. घरात मी एकटीच राहते. आमची विहीर गावापासून अडीच किलोमीटरवर असून ती आमच्यात आणि भीमराजमध्ये सामाईक आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाण्याची पाळी माझी. मंगळवार, गुरुवार, शनिवार भीमराजची. रविवारी ज्याला नड असेल त्याने घ्यावे. ही वाटणी माझ्या पतीने केली होती, कागदावर नाही.

विहिरीवर पेटीत मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. तो माझ्या पतीने तीन वर्षांपूर्वी बसवला. पेटीत एक सिमकार्ड असते आणि पाच जणांचे नंबर नोंदवता येतात. नोंदवलेल्या नंबरावरून एक रिंग दिली की मोटर चालू होते, पुन्हा एक रिंग दिली की बंद होते. पहिल्या जागेवरच्या नंबराचा मान वेगळा आहे. लाईट आली की पेटी फक्त त्याच नंबराला फोन करून सांगते, आणि नवा नंबर घालायचा किंवा जुना काढायचा तर त्याच नंबरावरून मेसेज करावा लागतो. मोटर चालू झाली की पेटीतल्या सगळ्या नंबरांना मेसेज येतो. त्यात कोणत्या नंबरावरून चालू झाली त्याचे शेवटचे चार अंक असतात. पहिल्या जागेवर माझ्या पतीचा नंबर होता.

पती वारल्यावर मागच्या एप्रिल महिन्यात मी औंढ्याला जाऊन माझ्या नावावर नवीन सिमकार्ड घेतले. पतीचा मोबाईल फुटला होता, त्यातले कार्ड मी काढून घेतले होते. दुकानात संगिताताई म्हणून बाई बसतात. त्यांनी मला विचारले, “आक्का, दादांचं जुनं कार्ड काय करणार?” मी म्हटले, घरी ठेवते. त्या म्हणाल्या, “नुसतं ठेवू नका. मृत्यूचा दाखला अन् आधार आणा, अर्ज देऊन नंबर बंद करू. रिचार्ज न करता पडून राहिला तर कंपनी काढून घेते अन् दुसऱ्याला देते. मंग कोणाच्या हाती पडल, सांगता येत न्हाई.” त्या दिवशी दाखला माझ्या पिशवीत होता. तलाठ्याकडून परत येताना मी दुकानात गेले होते. मी त्यांना म्हटले, पुढच्या बाजारी आणते. त्यानंतर अकरा महिन्यांत बरेच बाजार झाले. मी गेले नाही.

संगिताताई सांगत होत्या ते मला नीट समजले नाही, असे मी म्हणणार नाही. समजले होते. पण माझ्या मनात असे होते की कार्ड माझ्या घरात आहे म्हणजे नंबरही माझ्याच घरात आहे. मी ते कागदात गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवले.

त्याच आठवड्यात औंढ्याचे मेकॅनिक संतराम यांना विहिरीवर बोलावले. तोवर पतीच्या कार्डात थोडे दिवस शिल्लक होते. संतरामने ते कार्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून माझा नवा नंबर दुसऱ्या जागेवर नोंदवला. भीमराजचा नंबर आधीपासून तिसऱ्या जागेवर होता. भीमराज तिथे हजर होते. ते म्हणाले, “वहिनी, आता दादाचा काढून टाकू अन् पहिल्या जागी माझा घालू. लाईट आली की मला फोन येईल, मी तुमाला सांगत जाईन.” संतराम म्हणाला, “व्हय वहिनी, बराबर हाय ते. वापरात नसलेला नंबर ठेवू नये. काढू का?” मी म्हटले, राहू द्या. संतराम म्हणाला, “काहून?” मी म्हटले, पाच जागा आहेत ना, तीनच भरल्यात. तो म्हणाला, “जागेचं न्हाई हो वहिनी.” मग त्याने भीमराजकडे पाहिले, कार्ड काढून मला दिले आणि पेटी लावली. म्हणून सांगते, संतरामची यात चूक नाही. त्याने विचारले होते.

तेव्हापासून भीमराज आणि माझ्यात बोलणे कमी झाले. त्यांना वाटले, विहीर माझ्या एकटीच्या ताब्यात राहावी म्हणून मी नंबर काढू दिला नाही. लाईट आली तरी कोणाला फोन येत नसे, कारण पेटी बंद पडलेल्या नंबराला फोन लावायची. दोन्ही घरांना डीपीवर जाऊन पाहावे लागे. भीमराजची बायको सरिता एकदा पाण्याच्या टाकीपाशी चार बायांत म्हणाली, “आमच्या पेटीचा फोन पार वर जातो बाई, तिथून कोणी उचलत न्हाई.” बाया हसल्या. मी घागर उचलून घरी आले.

यंदा २४ फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. मोटर चालू, आणि चार अंक. ते अंक माझ्या पतीच्या नंबराचे होते. मी तो मेसेज पुष्कळ वेळा वाचला. शिवणाचा डबा उघडून पाहिला. कार्ड कागदात जसेच्या तसे होते. आदल्या दिवशीचा माझा व्हॉल्व्ह उघडा राहिला असल्याने पाणी माझ्या भुईमुगात गेले. पाळी भीमराजची होती.

दुसऱ्यांदा ५ मार्चला, गुरुवारी, तसेच झाले. मेसेज तसाच. पाणी पुन्हा माझ्या वावरात.

त्या दिवशी संध्याकाळी भीमराजने मला रस्त्यात, पाराजवळ गाठले. शेजारच्या वावरातले भावसिंग राठोड बरोबर होते. भीमराज म्हणाले, “वहिनी, पाळी आमची अन् भिजला तुमचा भुईमूग. हे दुसऱ्यांदा हाय. मोटर कोण चालू करून राहिलं?” मी म्हटले, मला काय माहीत. ते म्हणाले, “मंग दादाच चालू करून राहिला आसल. पहिला नंबर त्याचाच हाय ना!” भावसिंगने त्यांना दंडाला धरून पुढे नेले.

मला काय माहीत, असे मी म्हटले ते खोटे होते. भीमराज मेसेज वाचत नाहीत. त्यांच्या मोबाईलवर शेकड्याने मेसेज न उघडता पडलेले असतात. मी वाचते. दोन्ही वेळा मोटर कोणत्या नंबरावरून चालू झाली ते मला माहीत होते, आणि मी ते भीमराजला, संतरामला किंवा मुलीला सांगितले नाही. इतर मेसेज मी पुसते, हे दोन पुसले नाहीत. ते या ठाण्याच्या जमादारांनी माझ्या मोबाईलमध्ये पाहिले आहेत.

साहेबांनी विचारले, दोन वेळा मेसेज आला तेव्हा तुम्हाला काय वाटले. मी म्हटले, काही वाटले नाही असे लिहा. साहेब म्हणाले, पंधरा दिवस गप्प का राहिलात. साहेबांनी पाणी मागवले, ते मी प्याले, आणि पुढे सांगते.

मंगळवार, १० मार्च रोजी वर सांगितल्याप्रमाणे सकाळची कामे झाली. जेवण करून मी हळदीपाशी बसले होते. विहिरीवर त्या वेळी काय चालले होते ते मी पाहिलेले नाही. भावसिंगने सांगितले ते असे. मोटरीच्या केबलचा जोड उंदरांनी खाल्ला होता. भीमराजने जुनी पट्टी सोडून तारा उघड्या केल्या होत्या आणि नवा जोड देत होते. खांबावरचा फ्यूज काढला नव्हता. आमच्या शिवारात कोणीच काढत नाही. खांब दूर पडतो, आणि स्टार्टर बंद म्हणजे तार मेली असे आम्ही सगळे समजतो. माझे पतीही तसेच करायचे.

सकाळी दहा वाजून अडतीस मिनिटांनी लाईट आली. दहा बेचाळीसला मोटर चालू झाली. तारा भीमराजच्या उजव्या हातात होत्या. ते फेकले जाऊन विहिरीच्या काठावरच्या दगडांवर पडले. तार अंगाजवळच तडतडत असल्याने भावसिंगला जवळ जाता येईना. त्याने खांबाकडे पळत जाऊन फ्यूज ओढला. त्यात त्याच्या अंदाजाने तीन मिनिटे गेली.

दहा बेचाळीसला मला मेसेज आला. तेच चार अंक. मोबाईल माझ्या हातात होता. पाळी भीमराजची आहे, माझा व्हॉल्व्ह मी बंद केलेला आहे, हे मला ठाऊक होते. मोटर बंद करायला माझी एक रिंग पुरली असती. मी रिंग दिली नाही. मी मेसेज वाचत बसले. दहा पन्नासला भावसिंगचा फोन आला तेव्हाही तो मेसेज समोरच होता. हे जमादारांना मोबाईलवरून कळले नसते. मी होऊन सांगत आहे.

भीमराजला आधी औंढ्याला आणि तिथून नांदेडला नेले. उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली, तळवा भाजला आहे आणि गळ्याजवळचे हाड मोडले आहे. जिवावरचे टळले असे डॉक्टर म्हणाले. नांदेडला नेण्याआधी मी औंढ्याच्या दवाखान्यात गेले होते. सरिता दारात उभी होती. ती म्हणाली, “बाई, पाणी पायजे व्हतं तर मागायचं. हात काहून घेतला त्याचा?” मी म्हटले, सरिता, मी मोटर चालू केली नाही. ती म्हणाली, “मंग कोणी केली? तुमच्या मालकानं?” तिने मला आत जाऊ दिले नाही, आणि आजपर्यंत मी भीमराजला पाहिलेले नाही. सरिताने दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. मी जाणूनबुजून मोटर चालू केली हे तिचे म्हणणे खरे नाही. बाकी तिने लिहिले आहे ते तिच्या जागी बरोबर आहे.

त्याच मंगळवारी दुपारनंतर जमादार विहिरीवर पंचनाम्याला आले. संतराम आला होता. त्याने पेटीतली नोंद काढून दाखवली, मोटर पहिल्या जागेवरच्या नंबरावरून चालू झाली होती. जमादार म्हणाले, हा नंबर कोणाचा. मी म्हटले, माझ्या पतीचा. जमादारांनी पती कुठे आहेत विचारले, तेही सांगितले. मग त्यांनी माझ्याच मोबाईलवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला. दुसऱ्या रिंगला एका मुलीने उचलला आणि म्हणाली, “हॅलो, आबा? कुठून बोलून राहिले? जेवले का?”

त्या मुलीचे नाव मोहिनी असून ती कनेरगाव नाका येथे राहते. तिने फोनवर जमादारांना सांगितले ते मी ऐकले. तिने फेब्रुवारी महिन्यात नवीन सिमकार्ड घेतले, तेव्हा तिला हा नंबर मिळाला. तिचे वडील लिंबाजी मेंढरे घेऊन दिवाळीनंतर जे बाहेर पडतात ते पाऊस लागेपर्यंत रानोमाळ असतात. त्यांच्याजवळ मोबाईल नाही. ज्याच्या वावरात मेंढरे बसतात त्याच्या मोबाईलवरून ते घरी रिंग देतात. म्हणून अनोळखी नंबर आला की घरच्यांनी उलट फोन करायचा, असा त्यांच्याकडे रिवाज आहे. लाईट आल्यावर पेटी तिला फोन करायची. ती कधी कॉलेजात असे, कधी फोन घरी असे. तीन वेळा तिने मोबाईल पाहून उलट फोन केला. पलीकडून कोणी बोलले नाही, म्हणून तिने तो ठेवून दिला. तिच्या एका रिंगवर इकडे मोटर चालू होत होती हे तिला माहीत नव्हते. जमादारांनी अपघाताचे सांगितले तेव्हा फोनवर काही वेळ नुसता रडण्याचा आवाज येत होता. ते मुद्दाम लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. तिने वडील समजून फोन लावला. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही आणि तिला ठाण्याच्या खेपा घालायला लावू नयेत.

साहेबांनी विचारले, मग चूक कोणाची म्हणायची. कायद्याने कोणाची ते साहेबांनी ठरवावे. मला माहीत आहे ते इतकेच की नवे कार्ड घेतल्यावर जुना नंबर अर्ज देऊन बंद करायला हवा होता, तसे सांगितले असून मी केला नाही. पेटीतून काढायला हवा होता, विचारले असून मी काढू दिला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेला आहे हे दिसत असून मी सांगितले नाही. भीमराज बरे होईपर्यंत त्यांच्या वावराला पाणी मी देईन. सरिताने नको म्हटले तरी देईन, भुईमूग त्यांचाही आहे, तो वाळू देता येत नाही.

इथवरचा जबाब साहेब मला वाचून दाखवू लागले. मी म्हटले, मीच वाचते. सगळी पाने ओळीवर बोट ठेवून वाचली, वेळ लागला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. एका ठिकाणी ‘नजरचुकीने नंबर काढण्याचा राहिला’ असे होते, ते खोडायला लावून वरीलप्रमाणे करून घेतले आहे. खाली माझी सही आहे, अंगठा नाही.

सही केल्यावर साहेबांनी विचारले की तो नंबर आता पेटीत आहे का. ते सांगायचे राहिले होते, म्हणून जोडून लिहून देते.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी ११ तारखेला, मी सकाळच्या गाडीने हिंगोलीला आणि तिथून कनेरगाव नाक्याला गेले. संतराम म्हणाला होता की पहिला नंबर काढायचा तर मेसेज त्याच नंबरावरून जावा लागेल, म्हणजे त्या मुलीच्या हातूनच. मोहिनीचे घर ढाब्यांच्या मागे आहे. तिची आई भागाबाई दारातच म्हणाली, “आमच्या पोरीला काही माहीत न्हाई हो बाई, तिला नेऊ नका.” मी म्हटले, न्यायला आले नाही, मीच आहे ती विहिरीवाली. मोहिनी आत कोपऱ्यात बसली होती. मोबाईल तिने बंद करून डब्यांच्या मागे ठेवला होता, हात लावायला भीत होती. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, “काकू, त्यांची बोटं माझ्यामुळं गेली का?” मी म्हटले, न्हाई बाळा, तू तुझ्या आबाला फोन लावला होतास.

मग तिने मोबाईल चालू केला. संतरामने फोनवरून सांगितला तसा मेसेज मी तिला एकेक अंक करून सांगितला. पतीचा नंबर काढला आणि पहिल्या जागेवर भीमराजचा घातला. नंबर रद्द झाल्याचा मेसेज तिच्या मोबाईलवर आणि माझ्या मोबाईलवर एकाच वेळी आला. दोन्ही वाचून पाहिले.

मोहिनी म्हणाली, “काकू, मी हे कार्ड बदलून टाकते.” तिच्या वडिलांना वाचता येत नाही आणि नवा नंबर त्यांच्याकडून पाठ करून घ्यायला तिला मेंढरांच्या तळावर जाऊन चार दिवस लागले होते, असे भागाबाईने सांगितले. मी म्हटले, बदलू नको, तुझ्या आबाच्या तोंडात बसलाय तो. त्यानंतर चहा घेऊन मी पावणेतीनच्या गाडीने परत आले.